येऽगो की येगोऽ

बॉयलर बिघडला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. स्पेनमधलं सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. थंडीत रात्री पारा शून्याखाली जातो आणि सकाळी तोर्मेस नदीवर धुकं बसलेलं असतं. लेक विद्यापीठात संशोधन करायला दोन वर्षांसाठी आलेली, तिच्याकडे मी वर्षभर राहायला. ती प्रयोगशाळेत गेली की दिवसभर घर, बाजार आणि घरमालकीणबाई माझ्या वाट्याला. या ७८ वर्षांच्या बाई खालच्याच मजल्यावर राहतात.

त्या दिवशी मी बाजारात असताना बाईंचा फोन आला. बॉयलरचा माणूस निघालाय, घरी कोणी आहे का, असं काहीतरी त्या विचारत होत्या. मी पिशवी सावरत म्हटलं, ‘या येगो, या येगो!’ म्हणजे ‘आलेच, आलेच!’ बाई म्हणाल्या, ‘आ, छान,’ आणि फोन ठेवून बहिणीकडे निघून गेल्या. मी पोचले तेव्हा दाराला चिठ्ठी होती: घरी कोणी नव्हतं, पुन्हा वेळ ठरवा. पुढची वेळ मिळाली तीन दिवसांनी. ते तीन दिवस मी भांड्यात पाणी तापवून अंघोळ केली, आणि लेकीने प्रयोगशाळेतल्या बाथरूममध्ये.

काय झालं होतं? मला म्हणायचं होतं ‘या येऽगो’. मी म्हटलं ‘या येगोऽ’. पहिल्याचा अर्थ ‘मी पोचतेच’, दुसऱ्याचा ‘तो पोचला’. बाईंना वाटलं, माणूस आला, काम सुरू झालं.

(स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्यापुढे मी इथे अवग्रह घालते आहे. त्याचा अर्थ ‘लांबवा’ असा नाही, ‘ठासा’ असा आहे. हा फरक कळायला मला दोन महिने लागले, तुम्ही एका ओळीत घ्या.)

गंमत अशी की आपण मराठीत न येताच ‘आलेच’ म्हणतो, तेही चक्क भूतकाळात, आणि कोणी गोंधळत नाही. पण ‘आलो’, ‘आला’, ‘आले’ हे स्वर वेगळे आहेत. स्पॅनिशमध्ये इथे स्वरही तोच, व्यंजनंही तीच. काळ आणि पुरुष दोन्ही फक्त जोरावर टांगलेले. तरी मी ऑक्टोबरपासून वर्गाला जात होते! आणि मला स्पॅनिश सोपं जातंय असा माझा समज होता.

त्या समजाला कारणही होतं. वीस वर्षं मी मुद्रितशोधन केलंय. अक्षर दिसलं की वाचायचं, चूक दिसली की खूण करायची. स्पॅनिश लिहितात तशी वाचतात, आपल्यासारखीच, असं पहिल्याच दिवशी कळल्यावर मी सुटले. ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत, दोन ‘ल’ आले की ‘य’ म्हणायचं, एवढे चार अपवाद लक्षात ठेवले आणि धडाधड वाचू लागले. अक्षरांच्या डोक्यावर अधूनमधून जी तिरकी रेघ येते, तिच्याकडे मी शोभेची वस्तू म्हणून पाहिलं. मुद्रितशोधकाला हे शोभलं नाही, हे मान्य आहे.

बॉयलरची कहाणी वर्गात सांगितली तेव्हा आमच्या शिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले. येऽगो: मी पोचते. येगोऽ: तो पोचला. येगेऽ: मी पोचले. येऽगे: ‘पोचो’, ‘पोचावं’ अशा इच्छेचं रूप. मग म्हणाल्या, आता टाळी वाजवत म्हणा, पण जोराच्या अक्षरालाच जोरात टाळी. वर्गातली एक पोलिश मुलगी पहिल्या झटक्यात बरोबर आली. तिच्या भाषेत जोर बहुतेक उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावरच असतो म्हणे. माझी टाळी दर वेळी शेवटच्या ‘गो’वर. ‘येतो’, ‘जातो’, ‘बसतो’ म्हणत पन्नाशी उलटली, त्या शेवटच्या ‘ओ’वर रेलायची सवय अशी जाणार कशी?

टाळीच्या आधी अक्षरं पाडायची असतात, म्हणजे शब्द कुठे तुटतो ते ठरवायचं. इथे माझा दुसरा अहंकार गळाला. बोलणं याला ते ‘आब्लार’ म्हणतात. मी तोडलं: आब्-लार. शिक्षिका म्हणाल्या: आ-ब्लार. ‘ओत्रो’ म्हणजे दुसरा. मी: ओत्-त्रो. त्या: ओ-त्रो. पहिलं अक्षर उघडं ठेवायचं, पुढचं व्यंजन त्याला चिकटू द्यायचं नाही. मला ते जमेना, कारण आपण ‘पुत्र’ लिहितो आणि ‘पुत्-त्र’ म्हणतो, ‘शुक्ल’ लिहितो आणि ‘शुक्-क्ल’ म्हणतो. जोडाक्षराचा अर्धा भाग मागच्या अक्षरावर आपटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि म्हणून तर वृत्तात ते मागचं अक्षर गुरू होतं.

त्या रात्री झोप लागेना, आणि अंधारात मला दऱ्या आठवल्या. दर्या म्हणजे समुद्र: दर्-या. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन: द-ऱ्या. रफार आणि अर्धचंद्रासारखा तो अर्धा र, यांतला फरक मी हजारो पानांवर तपासला होता. ‘आचार्यांना जेवायला बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावले’ यात गुरुजी जेवतात की स्वयंपाकी, हे ठरतं अक्षर कुठे तुटतं त्यावर. आपल्याला हा फरक ऐकू येतो. नुसता ऐकू येत नाही, आपण तो छापतोसुद्धा. मग ओत्रो म्हणजे ‘दऱ्या’सारखं म्हणायचं, ‘दर्या’सारखं नाही, एवढंच! सकाळी उठून लेकीसमोर ‘ओ-त्रो, आ-ब्लार, आ-ब्रिर’ असं म्हणून दाखवलं. ती टूथब्रश तोंडात ठेवून म्हणाली, ‘आई, हे आत्ता बरोबर आलं.’

प, ब, त, द, क, ग, फ यांच्यापुढे र आला की जोडी फोडायची नाही. ल आला तरी बहुतेक तेच. बाकीच्या जोड्या फोडायच्या: कान-तार (गाणं म्हणणं), एस-तार (असणं). ‘स’ला तर शब्दाच्या सुरुवातीला दुसऱ्या व्यंजनाचा हात धरून उभंच राहता येत नाही, आधी ‘ए’ लागतो: एस्क्वेला म्हणजे शाळा, एस्ताथ्योन म्हणजे स्टेशन. आमच्या गावाकडे ‘इस्टेशन’ आणि ‘इस्टुल’ म्हणणाऱ्यांना मास्तर मारायचे. ते बिचारे स्पॅनिश नियमाने बोलत होते.

मात्र देवनागरीने इथे एक खोडीही काढली. ‘कान्तार’ लिहिलं की डोळ्याला का-न्ता-र दिसतं, कारण आपलं लेखी अक्षर व्यंजनाला पुढे ढकलतं. कानाला मात्र कान-तार. वहीत देवनागरी उच्चार लिहून ठेवायची माझी पद्धत मला फसवत होती. मग मी प्रत्येक शब्द आडव्या रेघांनी तोडून लिहू लागले.

क्रियापदाला आणखी एक तोड असते, रचनेची. ‘आम्ही बोलत असू’ म्हणजे आब्लाऽबामोस. यात धातू आहे ‘आब्ल’, मग गणाचा, म्हणजे क्रियापदांच्या गटाचा, स्वर ‘आ’, मग काळ दाखवणारा ‘बा’, मग ‘आम्ही’ दाखवणारा ‘मोस’. पण तोंड तोडतं आ-ब्ला-बा-मोस. धातू जिथे संपतो तिथे अक्षर संपत नाही, ते मधूनच चिरलं जातं. हे विचित्र वाटलं, मग लक्षात आलं की ‘बस’ धातूचं ‘बसतो’ करताना आपणही बस-तो म्हणतो आणि ‘बसू’ करताना ब-सू. व्याकरणाची कात्री आणि जिभेची कात्री एकाच रेघेवर चालत नाहीत. हे दोन नकाशे मी वहीत एकाखाली एक काढायचे, आणि मग जोर कुठल्या तुकड्यावर बसतो ते पाहायचे.

आणि इथेच ती शोभेची रेघ कामाला आली. तिला तिल्दे म्हणतात. मूळ नियम इतका सुटसुटीत आहे की राग यावा: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर उपान्त्य अक्षरावर, दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर. जो शब्द हे पाळत नाही, त्याच्या जोराच्या स्वरावर तिल्दे. म्हणजे ओळख नसलेला शब्दही कागदावरून बिनचूक म्हणता येतो. मी विचारलं, न आणि स यांचे एवढे लाड का? शिक्षिकांनी उत्तर न देता लिहिलं: काऽन्ता, काऽन्तास, काऽन्तान. ती गाते, तू गातोस, ते गातात. पुरुष बदलायला शेवटी स किंवा न चिकटतो, नामाचं अनेकवचन करायलाही स, आणि जोर मात्र जागचा हलत नाही. नियम असा बेतलाय की या रोजच्या रूपांना रेघ लागूच नये. मला हे फार आवडलं. नियम करणाऱ्यांनी आधी क्रियापद चालवून पाहिलं होतं.

तीन अक्षरांच्या शब्दांत याची खरी करामत दिसते. तेऽर्मिनो म्हणजे संज्ञा किंवा शेवट. तेर्मिऽनो म्हणजे मी संपवते. तेर्मिनोऽ म्हणजे त्याने संपवलं. पहिल्यावर तिल्दे, कारण जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर आणि अशा शब्दांवर ती लागतेच. मधल्यावर नाही, तिसऱ्यावर पुन्हा आहे. पुऽब्लिको, पुब्लिऽको, पुब्लिकोऽ हेही तसंच: जनता, मी प्रसिद्ध करते, त्याने प्रसिद्ध केलं.

या टप्प्यावर मी एक हुशारी करायला गेले. शाळेत लगक्रम पाठ केलेला, म्हटलं जोराचं अक्षर म्हणजे गुरू, बाकी लघू, असं धरून क्रियापदं वृत्तात बसवू. लगागा लगागा करत भुजंगप्रयात चालीवर सगळा भविष्यकाळ म्हटला. शिक्षिकांनी कौतुकाने ऐकलं आणि म्हणाल्या, सुरेख, पण ही स्पॅनिश नाही. आपले गुरू ओळीने दोन-तीन येऊ शकतात. इथे शब्दाला टेकू एकच. शिवाय मी जोराचं अक्षर ताणत होते, गाण्यातल्या हरकतीसारखं. ते ताणायचं नसतं, जरा उंच आणि जरा घट्ट करायचं असतं. वृत्ताचा नाद सोडला. वाईट वाटलं.

वृत्ताने साथ सोडली, पण संधीने धरली. पुढचं संकट होतं ‘कोन्तिनुओ’चं. याचेही तीन अवतार. सलग, अखंड या अर्थाचं विशेषण: कोन्तिऽन्वो. मी चालू ठेवते: कोन्तिनुऽओ. त्याने चालू ठेवलं: कोन्तिन्वोऽ. पहिल्यात आणि तिसऱ्यात तीन अक्षरं, मधल्यात चार! एकाच स्पेलिंगात अक्षरांची संख्याच बदलते. वर्गात सगळे कपाळाला हात लावून बसले. मी मात्र फळ्याकडे बघत होते आणि मला ‘सु अधिक आगत, स्वागत’ दिसत होतं. प्रति अधिक एक, प्रत्येक. इति अधिक आदि, इत्यादी. इ किंवा उ यांच्यापुढे वेगळा स्वर आला की त्यांचा य किंवा व होतो. स्पॅनिशमध्ये तेच होतं, फक्त एका अटीवर: त्या इ-उवर जोर नसला पाहिजे. जोर असला की ते संधीला नकार देतात, स्वतःचं अक्षर राखतात, आणि डोक्यावर तिल्दे मिरवतात. म्हणून आऽथ्या म्हणजे ‘कडे’, आणि आथिऽआ म्हणजे ‘करत असे’. म्हणून काऽम्ब्यो, मी बदलते. पण एन्बिऽओ, मी पाठवते. अशा क्रियापदांतली कुठली संधी करतात आणि कुठली नाही, ते मात्र पाठच करावं लागतं.

हा यणादेश, म्हणजे इ-उचा य-व होणं, शिक्षिकांना समजावून सांगायला मला अर्धा तास आणि माझी सगळी स्पॅनिश लागली. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. त्या दिवशी घरी येताना मी विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीसमोर थांबले. तिथे दगडात कोरलेल्या कवटीवर एक बेडूक बसलाय, तो शोधायला पर्यटकांची गर्दी असते. मला बेडकाशी काम नव्हतं. आन्तोन्यो दे नेब्रिखा याच विद्यापीठात शिकवायचे, आणि त्यांचं स्पॅनिश व्याकरण १४९२ मध्ये याच गावात छापलं गेलं. त्याचा दुसरा भाग अक्षर आणि आघात यांच्यावर आहे, त्यात क्रियापदाच्या आघाताला वेगळं प्रकरण दिलंय. पाचवा भाग आहे परक्या भाषेतून येऊन ही भाषा शिकणाऱ्यांसाठी. म्हणजे माझ्यासाठीच की. पाचशे वर्षं उशिरा का होईना.

फेब्रुवारीत अनियमित क्रियापदं आली. ‘पोदेर’ म्हणजे शकणं. त्याचा वर्तमानकाळ प्वेऽदो, प्वेऽदेस, प्वेऽदे, मग एकदम पोदेऽमोस, आणि पुन्हा प्वेऽदेन. मधेच ‘प्वे’चा ‘पो’ का होतो? पुस्तकात या रूपांभोवती बुटाच्या आकाराची रेघ काढून पाठ करायला सांगतात. पण जोराच्या खुणा केल्या की बूट लागत नाही. जोर धातूवर असतो तेव्हा ‘ओ’ फुटून ‘वे’ होतो. ‘आम्ही’च्या रूपात जोर पुढे प्रत्ययाकडे सरकतो आणि ‘ओ’ जसाच्या तसा राहतो. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ओ आणि ए यांचं स्पॅनिशमध्ये आघाताखाली असंच झालं. मला मूल आणि मुलाला, फूल आणि फुलाला, पूल आणि पुलावर यांची आठवण झाली. आपल्याकडे प्रत्यय लागला की दीर्घ उकार आखडतो. कारण वेगळं, कुळी वेगळी, पण जागा बदलली की स्वर बदलतो हे मला नवं नव्हतं. हा एक नियम न पाळणाऱ्यांची किती प्रुफं मी लाल केली आहेत!

या नियमाची खातरी पटली ती कोपऱ्यावरच्या फळवाल्यामुळे. तो अर्जेंटिनाचा. ‘तू’साठी ते लोक ‘बोस’ म्हणतात, आणि मला तो म्हणायचा, ‘पोदेऽस प्रोबाऽर’, चाखून बघू शकतेस. मी त्याला सुधारायला गेले (सवय!), म्हटलं, प्वेऽदेस ना? तो हसला, म्हणाला, आमच्याकडे नाही. घरी येऊन पाहिलं तर त्याचं रूप अगदी शिस्तीत होतं. ‘बोस’च्या रूपात जोर शेवटच्या अक्षरावर जातो. जोर धातूवरून गेला, म्हणून ‘ओ’ फुटायचं कारण गेलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला हे समजावलं. त्याने मला दोन संत्री फुकट दिली, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

भविष्यकाळाने त्रास दिला नाही. आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ: जोर सरसकट प्रत्ययावर, कारण तो प्रत्यय मुळात ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची रूपं आहे, पूर्ण क्रियापदाला मागून येऊन चिकटलेली. ‘करतो आहे’चं ‘करतोय’ होतं, तसंच. भूतकाळातल्या काही दांडग्या रूपांनी मात्र दगा दिला. ‘त्याने ठेवलं’ म्हणजे पुऽसो. मी येगोऽच्या धर्तीवर पुसोऽ लिहिलं, वर तिल्दे काढली, आणि लाल शेरा मिळवला. लाल शेरा घेण्याच्या बाजूला बसायची वेळ बऱ्याच वर्षांनी आली होती.

चिकटणाऱ्या सर्वनामांचं थोडक्यात सांगते. फोन उचलला की बाई म्हणतात ‘दिऽगामे’, सांगा. ‘ते मला सांगा’ म्हणायचं तर दिऽगामेलो. मागे कितीही डबे लागोत, जोर इंजिनावरच राहतो, पण अक्षरं वाढल्यामुळे तो शेवटून तिसऱ्या-चौथ्या जागी पडतो आणि तिल्दे उगवते. नुसत्या ‘दिऽगा’वर ती नसते. दुकानात ‘पोऽन्गामे’ (मला द्या) म्हणताना मी अजूनही पिशवीवर बोटाने टकटक करते.

एप्रिलमध्ये श्रुतलेखन होतं. मी ३ चुका केल्या, त्यांतल्या दोनांबद्दल मी भांडले. ‘तो गेला’ म्हणजे फ्वे, ‘त्याने दिलं’ म्हणजे द्यो. दोन्हींवर मी तिल्दे दिली होती, आणि दोन्ही खोडलेल्या. मी म्हटलं, पण आमच्या घरमालकीणबाई तर अशाच लिहितात, माझ्याकडे त्यांच्या चिठ्ठ्या आहेत! शिक्षिकांनी बाईंचं वय विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग बरोबर आहे. स्पॅनिश अकादमीने १९५९ मध्ये या एकाक्षरी रूपांवरची तिल्दे काढून टाकली, बाईंची शाळा त्याआधीची. एका अक्षराच्या शब्दात जोर कुठे हा प्रश्नच येत नाही, मग रेघ कशाला? तरी २०१० मध्ये अकादमीने ‘तो हसला’ या अर्थाच्या ‘र्यो’सारख्या काही रूपांनाही एकाक्षरी ठरवून तिल्दे काढली, तेव्हा त्यांचा दोन अक्षरी उच्चार करणारे कुरकुरले होते म्हणे. आपल्याकडे १९६२च्या नियमांनी ‘कांहीं’ आणि ‘नांव’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार पुसले. माझी आजी तिच्या शेवटच्या पत्रापर्यंत ते देत राहिली.

मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काढली? का?’ मग स्वतःच म्हणाल्या, त्यांच्या मास्तरीणबाई तिल्दे विसरली तर हातावर पट्टी मारत. आता काढणार नाही.

मे महिन्यात बॉयलरची तपासणी होती. नेमकी मी लेकीबरोबर माद्रिदला. बाईंकडे किल्ली होती. रात्री परत आलो तर फ्रिजवर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: माणूस पाच वाजता आला, सगळं ठीक आहे, गेला. ‘येगोऽ’वरची तिल्दे त्यांनी दोनदा गिरवून जाड केली होती, बोटभर लांब. आणि शेवटच्या ‘फ्वे’वर दुसरी, नेहमीच्या मापाची.